पुण्यात घरी कुठलं नेट घ्यावं? (धायरी, सिंहगड रोड बाजू)

मुठाकाठची
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही कोथरूडहून धायरीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये जातोय. सातवा मजला, टू बीएचके. नवऱ्याचं पूर्ण वर्क फ्रॉम होम, माझं आठवड्यातून तीन दिवस, मुलगी आठवीत आणि सासूबाईंच्या मालिकाही आता केबलवर नाहीत, अ‍ॅपवरच बघतात त्या. म्हणजे नेट गेलं की चारही माणसांचं एकदम अडणार.

साइटवर बघितलं तर जिओफायबरचं १०० एमबीपीएस स्पीडचं महिना ६९९ ला आणि १५० चं ९९९ ला. एअरटेलचं १०० ला ७९९, २०० ला ९९९. तिथला केबलवाला म्हणतो १०० चं ५५० ला देतो, जीएसटी धरून, आणि सहा महिन्यांचे एकदम भरले तर एक महिना वर. शिवाय बीएसएनएल आहे, आणि ते छतावर अँटेना लावून मिळणारं एअरफायबर आहे. इतकं सगळं समोर आल्यावर काय बघून ठरवायचं तेच कळेना. त्या भागात राहणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा, आणि किती स्पीड पुरेल तेही.

सहकारनगरकर
आधी सगळे आकडे एका रांगेत आणा. कंपन्यांच्या साइटवर दिसतात त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो. ६९९ चे हातात ८२४ रुपये ८२ पैसे, ७९९ चे ९४२.८२, ९९९ चे ११७८.८२. केबलवाल्याचे ५५० खरंच करासकट असतील तर फरक पावणेतीनशेचा आहे, म्हणजे वर्षाचे तीन हजारांच्या वर. पण त्याला पावती मागा. छापील बिल, त्यावर जीएसटी नंबर आणि ज्या कंपनीचं नेट तो विकतो तिचं नाव. बहुतेक केबलवाले स्वतः आयएसपी, म्हणजे नेट पुरवणारी मूळ कंपनी, नसतात, कुणाची तरी फ्रँचायझी चालवतात. उद्या तक्रार करायची वेळ आली तर ती त्या मूळ कंपनीकडे जाते, आणि बिल नसेल तर तुम्ही तिचे ग्राहक आहात हेच सिद्ध करता येत नाही.

गेमर_निगडी
३०० च्या खाली घेऊच नका. चार माणसं म्हटल्यावर १०० कुठे पुरतंय.

शेवटची_वायर
निगडीकर, नाही पटलं. नेटफ्लिक्स स्वतः फोर-केसाठी १५ एमबीपीएस सांगतं आणि फुल एचडीसाठी ५. व्हिडिओ मीटिंगला चार-पाच धरा. ताईंच्या घरी दोन मीटिंग, एक टीव्ही, मुलीचं यूट्यूब, सगळं एकाच वेळी चालू असलं तरी ५० च्या पुढे जात नाही. १०० भरपूर झालं.

मी या धंद्यात बरीच वर्षं आहे, वायर ओढण्यापासून सुरुवात केली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. लोक एमबीपीएस विचारतात आणि फसतात वेगळ्याच ठिकाणी. बिल्डिंगपर्यंत वायर कशी आलीये ते विचारा. दोन प्रकार असतात. एकात फायबर थेट तुमच्या घरात येतं आणि घरातल्या डब्याला, म्हणजे ओएनटीला लागतं. दुसऱ्यात फायबर फक्त गच्चीपर्यंत किंवा जिन्याखालच्या पेटीपर्यंत, तिथे एक स्विच, म्हणजे कनेक्शन वाटणारा विजेवरचा डबा, आणि स्विचमधून साधी निळी-करडी लॅन केबल प्रत्येक फ्लॅटला. जाहिरातीत दोन्हीला फायबरच म्हणतात.

फरक कुठे पडतो तर लाइट गेल्यावर. पहिल्या प्रकारात वाटेत फायबर वाटून देणारा जो स्प्लिटर असतो त्याला वीजच लागत नाही, त्यामुळे तुमच्या घरातल्या डब्याला छोटा यूपीएस लावला की नेट चालू. दुसऱ्या प्रकारात गच्चीवरचा स्विचच बंद पडतो, मग तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी नेट नाही. शिवाय तो स्विच उन्हापावसात, वीज कडाडली की पहिला तोच जातो. तेव्हा केबलवाल्याला एकच प्रश्न विचारा, 'घरात ओएनटी बसवणार का?' हो म्हणाला तर पुढचं बोला.

मुठाकाठची
हे फारच उपयोगी आहे, मला हे दोन प्रकार असतात हेच माहीत नव्हतं. गुरुवारी तिकडे लाइट जाते असं घरमालकही म्हणाले.

कर्वेनगरची_माऊ
गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघतं, अर्ध्या पुण्यात हेच. बारा व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो राउटरसाठी, तो घ्याच. फक्त ओएनटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हीला पुरेल असा घ्या, आमच्या शेजाऱ्यांनी फक्त राउटरला लावला आणि मग विचारत बसले की वायफाय दिसतंय पण नेट का नाही.

गेमर_निगडी
@शेवटची_वायर, स्पीडचं मान्य, पण गेम डाउनलोड करताना १०० आणि ३०० मध्ये जमीनअस्मानाचा फरक आहे. ८० जीबीचा गेम १०० वर दोन तास घेतो.

शेवटची_वायर
बरोबर आहे, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तुमचा हिशोब चुकत नाही. पण ताईंच्या घरी गेम उतरवणारं कुणी दिसत नाही :) आणि ३०० घेतलं तरी ते मिळेल कधी, तर राउटरचं पोर्ट गिगाबिटचं, म्हणजे १००० एमबीपीएसचं असेल तर. स्वस्त राउटरचं पोर्टच १०० चं असतं. वायफायवर २.४ गिगाहर्ट्झला जोडलात तर दाट वस्तीत ४०-५० मिळतात, कारण शेजारच्या वीस घरांचे राउटर त्याच पट्ट्यात बोलतायत. ५ गिगाहर्ट्झला स्पीड मिळतो पण दोन भिंती ओलांडल्या की तो दमतो.

कोथरूड_ते_कोथरूड
स्थानिक माणूसच घ्या असं माझं ठाम मत आहे. आमचा केबलवाला रात्री साडेदहाला शिडी घेऊन आलाय. गेल्या पावसाळ्यात झाडाची फांदी पडून वायर तुटली तर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीची ऑनलाइन परीक्षा सुरू व्हायच्या आत जोडून दिली. कॉल सेंटरवाल्यांचं '२४ ते ४८ तासांत आमचे प्रतिनिधी' ऐकून पोट भरत नाही. नावानिशी ओळखणारा माणूस रस्त्याच्या कोपऱ्यावर बसतो याला किंमत आहे.

आंबेगावचा_अभि
आणि आमच्या कोपऱ्यावरचा माणूस वर्षाचे पैसे घेऊन धंदाच बंद करून गेला. तिसऱ्या महिन्यात. ऑफिसला कुलूप, फोन बंद. सोसायटीतले सगळे मिळून त्याच्या मूळ कंपनीकडे गेलो तर ते म्हणाले त्याने आमचेही थकवलेत. पैसे गेले ते गेलेच. त्यामुळे स्थानिक घ्या पण महिन्याच्या महिन्याला भरा, एक महिना फुकटच्या मागे लागू नका.

कोथरूड_ते_कोथरूड
अभि, तुमच्याबाबतीत वाईट झालं. पण माणूस बघून पैसे द्यावेत, सगळेच तसे नसतात.

सहकारनगरकर
माणूस बघून ठीक आहे हो, पण धायरीत नव्याने राहायला जाणाऱ्यांनी माणूस कधी बघायचा? पहिले दोन-तीन महिने मासिक भरावं, चांगला वाटला की मग सहा महिन्यांचं बोलावं. हेच मोठ्या कंपन्यांनाही लागू. सहा किंवा बारा महिन्यांच्या प्लॅनवर इन्स्टॉलेशन माफ करतात, आणि भाड्याचं घर असेल तर अकरा महिन्यांनी तुम्ही कुठे असाल कुणास ठाऊक. शिफ्टिंग करून देतात, पण नव्या बिल्डिंगमध्ये त्यांची वायर असेल तर.

निशाचर
काय दिवस आलेत, १०० पुरेल का ३०० अशी चर्चा! बीएसएनएलचं डेटावन २००५ मध्ये आलं तेव्हा २५६ केबीपीएसला, म्हणजे जेमतेम पाव एमबीपीएसला, आम्ही ब्रॉडबँड म्हणत होतो. आणि त्या होम ५०० प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फुकट होतं, आठवतंय का कुणाला? अलार्म लावून दोनला उठायचं, डाउनलोड लावायचं, परत झोपायचं आणि आठच्या आत बंद करायचं. निम्म्या पुण्याच्या इंजिनिअरिंगच्या मुलांची झोप त्या २ ते ८ ने घालवली.

डोंबिवलीकर
आठवतंय की! आणि त्याच्या आधीचं डायल-अप, १७२२२२ फिरवायचं आणि मोडेमची ती किरकिर. आई फोन उचलायची की कनेक्शन तुटलं. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं तेव्हा मी कॉलेजात होतो, कनेक्शनला हजारो रुपये लागायचे, आमच्या वर्गात एकाकडेही नव्हतं.

कर्वेनगरची_माऊ
धागा भरकटतोय पण वाचायला मजा येतेय, चालू द्या. सरकारी व्याख्येत नंतर ५१२ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होतं, ते २०२३ मध्ये २ एमबीपीएस केलं.

रेडिंगचा_पुणेकर
इकडे इंग्लंडमधली पद्धत सांगतो, तुलना म्हणून. इथे पोस्टकोड टाकला की त्या पत्त्यावर कोणकोण सेवा देतं आणि किती स्पीड मिळेल ते एका पानावर दिसतं. सप्टेंबर २०२४ पासून कंपनी बदलायची तर जुन्या कंपनीला फोनही करावा लागत नाही, नवीन कंपनीच सगळं हलवते. पण करार बहुतेक १८ किंवा २४ महिन्यांचा, मधे सोडलं तर दंड. आधी तर मधेच महागाईच्या दराने बिल वाढवायचे, जानेवारी २०२५ पासून नवीन करारात वाढ किती ती पौंड-पेन्समध्ये आधीच लिहावी लागते. तुमच्याकडे महिन्याच्या महिन्याला सोडता येतं हे मला फार मोठं सुख वाटतं, ते हातचं घालवू नका.

धायरी_फाटा
मी तिथेच राहतो म्हणून लिहितो. एअरफायबर वापरलंय. १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीला, जिओने आठ शहरांत सुरू केलं त्यात पुणं होतं. जिथे फायबर ओढताच येत नाही, बंगला आहे, सोसायटी खोदू देत नाही, तिथे उत्तमच. पण ते फाइव्ह-जी टॉवरवर चालतं, टॉवरचा भार वाढला की पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, वरखाली होतो, मीटिंगमध्ये माणूस मधेच रोबोसारखा बोलायला लागतो. डेटाही बघा, फायबरला ३३०० जीबीची मर्यादा असते, एअरफायबरला १००० ची. सातव्या मजल्यावर फायबर येत असेल तर एअरफायबरचा विचार करू नका असं मी म्हणेन.

मुठाकाठची
३३०० जीबी म्हणजे अनलिमिटेड लिहिलंय त्यात मर्यादा आहे?

शेवटची_वायर
असते, बारीक अक्षरात. पण घाबरू नका. फोर-केला तासाला जास्तीत जास्त ७ जीबी धरले तरी ३३०० जीबीत महिन्याला पावणेपाचशे तास, म्हणजे रोज पंधरा तासांच्या वर फोर-के. सासूबाईंच्या मालिका त्यात कुठल्या कुठे बसतात. ही मर्यादा, म्हणजे एफयूपी, त्यांना बघावी लागते जे घरून सर्व्हर चालवतात किंवा चोवीस तास कॅमेरे क्लाउडवर टाकतात.

नांदेडसिटी_७४
बीएसएनएलबद्दल कुणीच बोलत नाहीये. आमच्याकडे आहे, व्यवस्थित चालतं, जुना लँडलाइन नंबर फायबरवर आला याचा वडिलांना फार आनंद. त्यांचंही काम आता बऱ्याच ठिकाणी भागीदार करतात, म्हणजे कनेक्शन सरकारी पण येणारा माणूस स्थानिकच. तो चांगला असेल तर बीएसएनएल चांगलं.

शेवटची_वायर
अगदी. हेच मी सगळ्यांना सांगतो. मोठी कंपनी असो, सरकारी असो, केबलवाला असो, शेवटी तुमच्या बिल्डिंगला येणारा माणूस कुठल्यातरी स्थानिक कंत्राटदाराचाच असतो. एकाच कंपनीचं नेट वारज्यात सोन्यासारखं आणि वडगावात रडत चालतं ते याच्यामुळे. म्हणून नेटवरची रेटिंग बघू नका. फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये संध्याकाळी जा, डक्टचं, म्हणजे वायरी वर नेण्याच्या उभ्या पोकळीचं, दार उघडून बघा कुणाकुणाचे डबे आहेत आणि वायरी कशा बांधल्यात. नीट टाय मारून, लेबल लावून असतील तर तो माणूस काम जाणतो. गुंता करून लोंबत असतील तर पावसाळ्यात तुम्ही आणि तो, दोघंही त्रासात.

आणि दोन मजले वर-खाली विचारा. 'नेट कसं आहे' नका विचारू, सगळे 'ठीक आहे' म्हणतात. 'शेवटचं कधी बंद पडलं आणि किती तासांनी आलं' असं विचारा.

आंबेगावचा_अभि
हा प्रश्न लिहून ठेवण्यासारखा आहे. त्यात माझी भर, रात्री नऊ-दहाला शेजाऱ्यांकडे स्पीड टेस्ट करून बघा. दुपारी सगळ्यांचंच पळतं.

गेमर_निगडी
आणि अपलोड बघा! १०० डाउनलोड दाखवून २० अपलोड देणारेही आहेत. व्हिडिओ कॉलला तुमचा चेहरा अपलोडनेच जातो.

धायरी_फाटा
रात्री स्पीड का पडतो हो पण? फायबरला तर अफाट क्षमता असते ना?

शेवटची_वायर
काचेच्या धाग्याला असते, पण तो वाटून घेतलेला असतो. नेहमीच्या जीपॉन पद्धतीत एका पोर्टचे अडीच जीबीपीएस डाउनलोड आणि सव्वा अपलोड, ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. एवढ्याने सहसा अडत नाही कारण सगळे एकाच क्षणी पूर्ण ओढत नाहीत. अडतं ते पुढे, ऑपरेटरने वरच्या कंपनीकडून बँडविड्थच, म्हणजे नेटची एकूण क्षमताच, कमी घेतलेली असते. गिऱ्हाईकं वाढली, बँडविड्थ तेवढीच, मग रात्री नऊला चाक फिरत बसतं. हा खर्च वाचवण्याचा मोह लहान ऑपरेटरला जास्त होतो, हे मी धंद्यातला असूनही सांगतो.

कर्वेनगरची_माऊ
तक्रारीचं कुणीतरी सांगा, आमच्याकडे मागे आठवडाभर बंद होतं आणि बिल पूर्ण आलं. नाव घेत नाही, पण मोठी कंपनी होती.

सहकारनगरकर
प्रत्येक तक्रारीचा नंबर घ्यायचा, फोनवर 'बघतो मॅडम' चालत नाही. दुरुस्ती तीन दिवसांपेक्षा जास्त लांबली तर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमात नेटच्या भाड्यात सूट आहे, ती मागावी लागते, आपणहून क्वचितच देतात. नंबरावर दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे, प्रत्येक कंपनीला तो नेमावाच लागतो. तिथेही नाही झालं तर दूरसंचार विभागाकडे ऑनलाइन तक्रार. लोक सरळ ट्रायला लिहितात पण ट्राय वैयक्तिक तक्रार सोडवत नाही. आणि कनेक्शन बंद करताना राउटर परत दिल्याची पावती घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी वसुलीचे फोन सुरू.

कोथरूड_ते_कोथरूड
राउटरवरून आठवलं, ओटीटीचं फुकट बघून प्लॅन चढवू नका. सासूबाईंना लागतं ते एक अ‍ॅप वेगळं घेतलं तर किती पडतं आणि प्लॅनमधला फरक किती, एवढं बघा.

मुठाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी तिथे जाऊन आलो. वॉचमनदादांनी डक्ट उघडून दिला. तीन कंपन्यांचे डबे आहेत, त्यातला एक केबलवाल्याचा. त्याच्या वायरींना खरंच लेबलं होती, फ्लॅट नंबर मार्करने लिहिलेले. दुसऱ्या एका डब्याचं झाकणच नव्हतं आणि आत पालीची अंडी.

पाचव्या मजल्यावरच्या काकूंना तो 'शेवटचं कधी बंद पडलं' प्रश्न विचारला. केबलवाल्याचं गणपतीत मिरवणुकीच्या दिवशी वायर तुटून बंद होतं, दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. सहाव्या मजल्यावर मोठ्या कंपनीचं आहे, ते बंद पडत नाही फारसं पण पडलं की दोन-तीन दिवस जातात म्हणाले. रात्री सव्वानऊला काकूंच्या घरी टेस्ट केली, ९४ डाउनलोड, ९१ अपलोड. केबलवाल्याला ओएनटीचं विचारलं तर म्हणाला, "फायबर घरात आणूनच देतो ताई, स्विचचं काम आम्ही बंद केलं." तेव्हा त्याचंच १०० चं, महिन्याचे भरून घेतोय. नवऱ्याच्या फोनवर हॉटस्पॉटला पुरेल असा रिचार्ज ठेवणार, आणि मिनी यूपीएस.

गेमर_निगडी
९४ आणि ९१ मस्तच आहे, मी हरलो :)

शेवटची_वायर
उत्तम. आता बसवायला माणूस येईल तेव्हा घरात थांबा आणि त्याच्याकडून पॉवर मीटरचा, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा दाखवून घ्या. उणे १८ ते उणे २४ च्या दरम्यान असला की छान, उणे २७ च्या पलीकडे जाऊ लागला तर जॉइंट परत मारायला सांगा, नाहीतर थोडा पाऊस झाला की ओएनटीवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकेल. पिवळी पॅच कॉर्ड, म्हणजे ओएनटीला लागणारी फायबरची वायर, कपाटामागे दाबून कोपऱ्यात वाकवू देऊ नका, गोल वळण ठेवायला सांगा. राउटर हॉलच्या मध्याकडे, टीव्हीच्या मागे नको. नवऱ्याच्या टेबलापर्यंत कॅट-फाइव्ह-ई लॅन केबल टाकून घ्या, मीटिंगचा लॅपटॉप वायरवरच असू दे.

नांदेडसिटी_७४
केबल भिंतीवरून नेताना घरमालकाला आधी विचारा, ड्रिल मारण्यावरून आमच्याकडे वाद झाला होता. मारू देत नसतील तर चिकटपट्टीची केसिंग मिळते, ती निघते नंतर.

हिंजवडी_फेज३
उशिरा आलो. आमच्या सोसायटीच्या कमिटीने एकाच कंपनीला आत येऊ दिलंय, दुसऱ्या कुणाला डक्टच वापरू देत नाहीत, आणि भाव तो म्हणेल तो. यावर कुणी काही केलंय का?

सहकारनगरकर
फेज थ्री, सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, दहा-पंधरा सभासदांच्या सह्या घेऊन. त्या कंपनीशी कमिटीचा करार काय आहे, सोसायटीला त्याचे पैसे मिळतात का आणि ते हिशोबात दिसतात का, हे आधी मागा. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.